बंगल्याच्या आवारात गॅरेज: पुण्यात सामासिक अंतराची सवलत कशी मागावी

सहकारनगर, मॉडेल कॉलनी, एरंडवणे, मुकुंदनगर, डहाणूकर कॉलनी या भागांतले बरेचसे जुने बंगले सायकल आणि स्कूटरच्या काळात बांधलेले आहेत. फाटकातून अंगणात, अंगणातून व्हरांड्यात, एवढाच तेव्हाचा विचार होता. आता त्याच घरात एक-दोन गाड्या आहेत, समोरच्या रस्त्यावर उभं करायला जागा नाही, आणि पावसाळ्यात झाडाची फांदी पडून काच फुटेल ही धास्ती आहे. मग फॅब्रिकेटरला फोन जातो, घर आणि कुंपणभिंत यांच्यामध्ये पत्र्याची शेड चढते, पुढे तिला भिंत आणि शटर लागतं. कुणी तक्रार केली की महापालिकेची नोटीस येते आणि सगळा खर्च वाया जातो.

कायदेशीर वाट आहे: सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, महापालिकेकडे सवलत मागण्याची. ती लांब आहे, पण सामान्य माणसाला चालता येते. अशा लहान कामांच्या फायली मी आर्किटेक्ट म्हणून वर्षानुवर्षं हाताळत आलो आहे. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज एकाच कारणाने अडकतात: मालक आपली गरज सांगतो, जमिनीची अडचण सांगत नाही. गाडी मोठी आहे, वडील वयस्कर आहेत, चोऱ्या होतात, हे सगळं खरं असतं. पण सवलत देणाऱ्या अधिकाऱ्याला त्या कारणावर सही करता येत नाही. त्याला हवी असते प्लॉटची अडचण. हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं.

शेडलाही परवानगी लागते का?

लागते. ‘नटबोल्टची आहे, कधीही काढता येते’ हा युक्तिवाद टिकत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकासकामाची व्याख्या व्यापक आहे आणि पाया घालून उभे केलेले खांब व त्यावर कायमचं छप्पर तिच्यात येतं. समारंभापुरता मांडव वेगळा, वर्षानुवर्षं उभी राहणारी शेड वेगळी. मिळकतकराच्या बिलात शेडची आकारणी झाली म्हणजे ती नियमित झाली, हाही गैरसमज आहे. कर आकारणे आणि बांधकामाला परवानगी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उघड्यावर, छपराशिवाय, आपल्याच आवारात फरशी घालून गाडी लावायची असेल तर एवढा खटाटोप करू नका. काही कुटुंबांना मी हाच सल्ला देतो: फाटक रुंद करा, फरसबंदी करा, गाडीला चांगलं कव्हर घ्या. अर्ज भरण्याआधी हा पर्याय एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहा.

एक गोष्ट फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. इमारतीखालच्या स्टिल्टमधल्या आपल्या पार्किंगला भिंती आणि शटर लावून गॅरेज करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. मंजूर नकाशात ती जागा उघडं पार्किंग म्हणून दाखवलेली असते आणि सामाईक जागेचं स्वरूप एकट्याला बदलता येत नाही. हा लेख स्वतःचा प्लॉट असणाऱ्यांसाठी आहे. रो हाऊसवाल्यांनी आधी जमीन कुणाच्या नावावर आहे ते पाहावं. ती संस्थेच्या नावावर असेल तर संस्थेच्या ठरावाशिवाय पुढे जाता येत नाही.

तुमची हद्द कोणाची?

पुण्यात हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. शहराच्या मुख्य भागात पुणे महानगरपालिका, निगडी-चिंचवडकडे पिंपरी चिंचवड महानगरपालिका आणि बाहेरच्या पट्ट्यात २०१५ साली स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. या गावांत घर असेल तर तुमच्या सर्व्हे नंबरची बांधकाम परवानगी आज कोणतं कार्यालय देतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर फाईल चुकीच्या दारात पडून राहील.

पुणे, खडकी आणि देहूरोड कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत नियम पूर्ण वेगळे आहेत. तिथे कटक मंडळाकडेच जावं लागतं. या लेखातला नियमांचा भाग तिथे लागू होत नाही. निगडी प्राधिकरणातला भाडेपट्ट्याचा प्लॉट किंवा जुन्या गृहसंस्थेने सभासदाला दिलेला भाडेपट्ट्याचा प्लॉट असेल, तर भाडेकरारातल्या अटी वाचा. ‘लेखी संमतीशिवाय वाढीव बांधकाम करू नये’ अशी ओळ बहुधा सापडेल.

कॅन्टोन्मेंट सोडून वरच्या तिन्ही ठिकाणी राज्याची एकच नियमावली चालते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली ही एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात कुणी हे पूर्ण नाव घेत नाही, सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेली प्रत आर्किटेक्टकडून मागून स्वतः वाचा.

कागद जमवणं

सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे घराचा मंजूर नकाशा आणि त्याबरोबरचं भोगवटापत्र (काम पूर्ण झाल्यावर वापरासाठी मिळणारा दाखला). जुन्या घरांत नेमके हेच सापडत नाहीत. आजोबांनी घर बांधलं, नकाशा ट्रंकेत होता, ट्रंक कुणाकडे गेली ठाऊक नाही. अशा वेळी महापालिकेच्या अभिलेखातून प्रत मागवता येते. साध्या अर्जाने मिळाली तर उत्तम, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, त्या वेळच्या मालकाचं नाव आणि अंदाजे साल जितकं नेमकं द्याल तितका शोध लवकर लागतो.

नकाशा हातात आला की घराशी पडताळून पाहा. इथे अनेकांना धक्का बसतो. मागची धुण्याची जागा कधीतरी बंद करून खोली झालेली असते, गच्चीवर पत्रा आलेला असतो, किंवा मूळ नकाशात चक्क गॅरेज असतं आणि तिथे आता भाड्याने दिलेला दवाखाना किंवा शिवणकामाचं दुकान असतं. या शेवटच्या प्रकरणात सवलत मागूच नका. ‘मंजूर गॅरेज दुसऱ्या कामाला वापरता आणि नवीन मागता?’ हा पहिला प्रश्न असेल आणि त्याला उत्तर नाही. बाकीचं वाढीव बांधकाम आधी काढावं लागेल किंवा नियमात बसत असेल तर याच प्रस्तावात दाखवून घ्यावं लागेल. लपवून चालत नाही, कारण जागापाहणीला अभियंता येणारच.

मालकीसाठी मालमत्ता पत्रक (सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात) किंवा सातबारा, खरेदीखत आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा). घर आई-वडिलांच्या नावावर असेल आणि वारसनोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या. भावंडं सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील. भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा शक्य असेल तर नक्की घ्या. जुन्या वसाहतींमध्ये कुंपणभिंत आणि खरी हद्द यांत फरक निघतो, आणि गॅरेज हद्दीला लागून येणार असेल तर तो थोडासा फरकही भांडणाला पुरतो.

शिवाय विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे शहराच्या आराखड्यात तुमच्या प्लॉटबद्दल काय दाखवलं आहे याचा महापालिकेचा कागद. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. तुमच्या समोरचा रस्ता त्यात रुंद होणार आहे का, की महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा आखलेली आहे, हे पाहा. असेल तर सगळी मापं आजच्या कुंपणापासून नव्हे, त्या नव्या रेषेपासून मोजली जातात आणि कागदावर जमणारं गॅरेज जागेवर जमत नाही. मुळा-मुठेच्या पूररेषा, टेकडीउताराचा भाग, वारसा यादीतली वास्तू, यांचाही उल्लेख त्याच अभिप्रायात बघा. शनिवारवाडा, पाताळेश्वर किंवा आगाखान पॅलेस यांच्याजवळ राहत असाल तर केंद्रीय संरक्षित स्मारकांचा कायदा आडवा येतो: स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत वेगळी परवानगी. तिथे महापालिकेची सवलत उपयोगाची नाही.

नियम काय देतो, काय देत नाही

घर आणि प्लॉटच्या हद्दी यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा म्हणजे सामासिक अंतर. रोजच्या बोलण्यात फ्रंट मार्जिन, साइड मार्जिन, रिअर मार्जिन. प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ते ठरतं. उजेड, वारा आणि आग लागल्यास माणसांना बाहेर पडायची वाट या तिन्हींसाठी ते असतं. सवलत मागताना हे तीन शब्द सतत डोळ्यांसमोर ठेवा.

गॅरेजसाठी नियमांनी मुळातच थोडी मोकळीक ठेवली आहे. प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात २.४ मीटरपर्यंत उंचीचं लॉक-अप गॅरेज सामासिक अंतरातही चालतं. घराला चिकटून बांधायचं असेल तर ते रस्त्याच्या हद्दीपासून ७.५ मीटर आत हवं. एका मोटारीची जागा २.५ बाय ५ मीटर धरतात. म्हणून आर्किटेक्टला पहिला प्रश्न हा विचारा: सवलत न घेता मागच्या कोपऱ्यात बसतं का? बसत असेल तर साधा प्रस्ताव करा. वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील.

बंद भिंतींचं गॅरेज एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या हिशेबात, मोजलं जातं हे विसरू नका. दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय १.१० आहे. जुनं घर एकच्या हिशेबाने बांधलेलं असेल, तर ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर वरवर पाहता ३० चौरस मीटर शिल्लक दिसतात आणि १८-२० चौरस मीटरचं गॅरेज त्यात सहज मावेल असं वाटतं. पण नवीन नियमावलीत मोजायची रीत बदलली आहे. जिना, बाल्कनी अशा पूर्वी सोडल्या जाणाऱ्या जागाही आता पी-लाइनच्या (बांधकामाच्या बाह्यरेषेच्या) आत मोजल्या जातात. त्यामुळे शिल्लक किती हे आर्किटेक्टने प्रत्यक्ष मांडून दाखवल्याशिवाय गृहीत धरू नका.

आता सवलतीचा नियम. स्पष्ट दाखवता येईल अशी अडचण असेल, तर आयुक्तांना लेखी कारणं नोंदवून मापांमध्ये सवलत देता येते. पण दोन मर्यादा आहेत. सवलतीमुळे त्या घरातल्या आणि शेजारच्या लोकांच्या आरोग्याला, अग्निसुरक्षेला, बांधकामाच्या मजबुतीला बाधा येता कामा नये. आणि रस्त्याकडून सोडायचं अंतर, एफएसआय आणि पार्किंगची गरज, या तिन्हींत एरवी सवलत मिळत नाही. म्हणून फाटकाजवळ, पुढच्या मोकळ्या जागेत गॅरेज काढण्याचा हट्ट धरू नका. तो अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो. बाजूच्या आणि मागच्या अंतरात मागा.

ऑफिसच्या भाषेत या सवलतीला ‘हार्डशिप’ म्हणतात आणि तिच्यासाठी भरायच्या रकमेला ‘हार्डशिप प्रीमियम’.

अडचण कशी मांडायची

इथे घाई करू नका. फाईलचा जीव याच दोन-तीन पानांत असतो.

एक काल्पनिक प्लॉट घेऊ. १५ मीटर रुंद, २० मीटर खोल, ३०० चौरस मीटर. समोर ४.५ मीटर मोकळे, मग ११ मीटर खोलीचं घर, मागे ४.५ मीटर. डावीकडे १.५ मीटरची बोळ, उजवीकडे ३.५ मीटर. नियमाप्रमाणे गॅरेज मागच्या उजव्या कोपऱ्यात यायला हवं. पण तिथे आंब्याचं जुनं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याला लागून बोअरवेल. डाव्या कोपऱ्यात जायला दीड मीटरची वाट आहे. हल्लीची लहान गाडीही आरसे सोडून दीड मीटरच्या आसपास रुंद असते. उजवीकडून मागे जाऊन डावीकडे वळावं, तर ४.५ मीटरात गाडी एका दमात वळत नाही आणि झाड आडवं येतं ते वेगळंच. म्हणजे नियमाने दिलेली जागा आहे, पण वापरता येत नाही. ही झाली अडचण, आणि ती जमिनीतून आली आहे.

मग मागणी अशी: उजव्या बाजूला, रस्त्याच्या हद्दीपासून ७.५ मीटर मागे, घराला लागून, ५.५ मीटर लांबीचं एकमजली गॅरेज. ते रस्त्यापासून १३ मीटरवर संपतं, घर संपतं १५.५ मीटरवर. मागचं झाड आणि बोअरवेल शाबूत राहतात. डाव्या बोळीतून पुढून मागे जायची वाट पूर्ण मोकळी राहते. बंद होतं ते उजवीकडचं काही लांबीचं अंतर, तेही २.४ मीटर उंचीपर्यंत.

या मांडणीत प्रत्येक वाक्यामागे नकाशावर मोजलेला आकडा आहे. झाडाचा फोटो आणि बुंध्याचं ठिकाण नकाशावर दाखवा. बोअरवेल दाखवा. तपासलेले दुसरे पर्याय छोट्या आकृत्यांनी दाखवा आणि प्रत्येकाखाली तो का जमत नाही ते एका ओळीत लिहा. गाडीच्या वळणाची रेघ काढून दाखवली तर फार उपयोग होतो, कारण पाहणाऱ्याला लगेच पटतं.

पत्राची भाषा साधी ठेवा. साधारण असं:

‘नियमानुसार अनुज्ञेय असलेल्या मागील उजव्या कोपऱ्यात जुने आंब्याचे झाड व बोअरवेल अस्तित्वात असून मागील डाव्या कोपऱ्याकडे जाणारी वाट १.५ मीटर रुंद आहे. त्यामुळे सदर जागी वाहन नेणे शक्य नाही. प्रस्तावित गॅरेज एकमजली असून त्यावर कोणतेही बांधकाम प्रस्तावित नाही. रस्त्याकडील अंतर, एफएसआय व पार्किंग यांत कोणतीही सवलत मागितलेली नाही. डाव्या बाजूचे अंतर पूर्णपणे मोकळे राहील. शेजारील मिळकतधारकांची नाहरकत सोबत जोडली आहे.’

‘शेजारच्या गल्लीत सगळ्यांनी केलंय’ हे वाक्य पत्रात कधीही लिहू नका. तुमची सवलत मंजूर होण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट शेजाऱ्यांना नोटिसा जाऊ शकतात. झाड तोडायचं असेल तर तो स्वतंत्र विषय आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ज्या झाडाच्या आधारावर सवलत मागितली तेच नंतर तोडायला निघालात, तर अडचणच उरत नाही.

गॅरेजवर एक खोली, भाडेकरूसाठी नाहीतर अभ्यासाला, हा मोह इथे फार लोकांना होतो. सवलतीच्या प्रस्तावात तो आणू नका. एकमजली, बुटकं आणि फक्त गाडीसाठी असलेलं गॅरेज शेजाऱ्यांचा उजेड-वारा अडवत नाही, आणि तुमची बाजू त्यावरच उभी आहे.

शेजारी

शेजाऱ्याची नाहरकत प्रत्येक प्रकरणात कायद्याने सक्तीची असतेच असं नाही. तरी मी तिच्याशिवाय फाईल पुढे नेत नाही. नियमात शेजारच्या रहिवाशांच्या आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा शब्द आहे, आणि त्यांच्या सहीचा कागद हा त्यावरचा सर्वांत सरळ पुरावा आहे.

आधी कागद पुढे करू नका, घरी जा. ‘काका, या बाजूला गॅरेज करायचा विचार आहे, नकाशा दाखवायला आलोय’ एवढं म्हणून बसा. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूला असेल तर धुराचा आणि गाडीच्या आवाजाचा प्रश्न येणार. छपराचं पाणी कुठे पडणार हा प्रश्न तर हमखास येतो. त्याची उत्तरं नकाशातच असू द्या: छपराचा उतार आपल्या बाजूला, पन्हाळ आपल्या आवारात, त्यांच्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही. त्यांनी उंची थोडी कमी करायला सांगितली तर मोठ्या मनाने करा. बोलणं जमल्यावर मुद्रांकावर नाहरकत, नकाशाच्या प्रतीवरही सही. तो नकाशा नंतर बदलला तर नवीन सही घ्या.

गृहसंस्था असेल तर व्यवस्थापक समितीला अर्ज द्या आणि ठरावाची प्रत घ्या. तोंडी ‘करा हो, काही हरकत नाही’ पुरत नाही. पुढच्या निवडणुकीत समिती बदलते.

अर्ज ते चलन

अर्ज आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत, नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली, ऑनलाइन प्रणालीत नकाशासह जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, तुमचं हमीपत्र आणि मिळकतकर भरल्याची पावती सोबत. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि ड्रेनेज चेंबर कुठे आहेत ते नकाशात नक्की दाखवा. पुण्यात कितीतरी बंगल्यांची टाकी नेमकी बाजूच्या मार्जिनमध्ये असते, आणि गाडीचं वजन तिच्या स्लॅबला पेलेल का हे इंजिनिअरने लिहून द्यायला हवं.

लहान प्लॉटना सोपी पद्धत आहे: १५० चौरस मीटरपर्यंत नियमात बसणाऱ्या घराला परवान्याची वाट पाहावी लागत नाही, ३०० पर्यंत परवानगी झटपट मिळते. पण ती सोय नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावांसाठी आहे. सवलत मागितली की नेहमीचा लांबचा रस्ता.

मग बांधकाम विकास विभागाचा अभियंता जागापाहणीला येतो. त्या दिवशी घरी थांबा, आर्किटेक्टला बोलवा आणि प्रस्तावित गॅरेजची रेघ फक्कीने जमिनीवर आखून ठेवा. फाटक, झाड, बोअरवेल, डावी बोळ, सगळं चालत दाखवा. त्याचा शेरा वरच्या प्रत्येक टेबलावर वाचला जातो.

पुढे फाईल उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता अशी वर चढते, कारण सवलतीचा अधिकार आयुक्तांचा आहे. त्रुटी निघाल्या तर तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊ नका. सगळ्यांचं एकत्र लेखी उत्तर द्या आणि आवक क्रमांक जपून ठेवा.

एक गैरसमज इथे घातक ठरतो. कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण ती मानीव परवानगी नियमांशी पूर्ण सुसंगत प्रस्तावालाच आहे. तुम्ही सवलत मागितली आहे, म्हणजे प्रस्ताव सुसंगत नाही हे तुम्हीच लिहून दिलं आहे. साठ दिवस झाले म्हणून खोदकाम सुरू केलंत तर ते अनधिकृत ठरेल. फाईल हलत नसेल तर लेखी स्मरणपत्र द्या, लोकशाही दिनात अर्ज द्या, माहितीच्या अधिकारात फाईलची सद्यस्थिती मागा.

मंजुरीची वेळ आली की चलन निघतं: छाननी शुल्क, विकास शुल्क, हार्डशिप प्रीमियम आणि इतर आकार. प्रीमियमचा हिशेब वार्षिक बाजारमूल्य दरांशी, म्हणजे रेडी रेकनरशी जोडलेला असतो. त्यामुळे प्रभात रोडवरच्या आणि धनकवडीतल्या तेवढ्याच गॅरेजचा आकडा वेगळा येतो. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलला लागू होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चलन निघालं असेल तर भरायला उशीर करू नका. अर्जाच्या आधीच आर्किटेक्टकडून अंदाजे आकडा काढून घ्या. काही घरांत तो बांधकामाच्या खर्चाहून जास्त निघतो आणि तेव्हा उघड्या पार्किंगचा पर्याय पुन्हा शहाणपणाचा वाटू लागतो. बांधकाम कामगार उपकराबाबत, स्वतःच्या राहत्या घराचं ठरावीक खर्चापर्यंतचं काम त्यातून वगळलेलं असतं, हे चलन तपासताना ध्यानात असू द्या.

पैसे चलनानेच भरा, पावती घ्या. याशिवाय कुणी काही मागितलं तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

नकार आला तर

आदेश लेखी मागा आणि कारणं वाचा. अनेकदा कारण दुरुस्त होण्यासारखं असतं: उंची, रस्त्यापासूनचं अंतर, राहिलेली एखादी सही. नकाशा बदलून पुन्हा अर्ज करणं अपिलापेक्षा बहुधा लवकर होतं. कारण चुकीचं आहे अशी खात्री असेल तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांची मुदत आहे. जाचक अटी घालून दिलेल्या परवानगीविरुद्धही हेच कलम चालतं. आदेश हातात पडला त्या दिवसाची नोंद ठेवा, कारण मुदत तिथून मोजतात.

आधीच शेड उभी आहे आणि कलम ५३ ची नोटीस आली आहे, अशा स्थितीत हा लेख वाचत असाल तर नोटिशीतली मुदत पाहा आणि तिच्या आत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करा. तशी सोय कायद्यात आहे. मात्र नियम तेच लागू होतात. शेड रस्त्याकडच्या अंतरात असेल तर स्वतःहून काढून घेणं बरं.

परवानगीनंतर

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, हाती आल्याशिवाय कुदळ मारू नका. तिची मुदत एक वर्ष असते. दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. सीसीवरच्या अटी मराठीत असोत की इंग्रजीत, ओळ न् ओळ वाचा आणि ठेकेदाराला मंजूर नकाशाची प्रत द्या. ठेकेदार जागेवर ‘अजून अर्धा फूट घेऊ या’ म्हणतो तेव्हा ठामपणे नाही म्हणा. उंचीचंही तसंच.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडं वर घ्या, म्हणजे पावसाळ्यात पाणी आत येणार नाही. सहा इंच पुरतात. जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणीसाठी कळवा आणि दाखला मिळाल्यावरच भिंती चढवा. विद्युत गाडी घेण्याचा विचार असेल तर चार्जिंगसाठी वेगळी वायर आणि अर्थिंग भिंती बांधतानाच टाकून घ्या, आणि घराचा मंजूर विद्युतभार पुरेल का ते महावितरणच्या बिलावर पाहा.

काम संपलं की आर्किटेक्टच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह भोगवटापत्रासाठी अर्ज करा. गॅरेज वापरात आलं म्हणून लोक हे शेवटचं काम टाळतात आणि पुढे घर विकताना किंवा कर्ज काढताना बँकेचा वकील तोच कागद मागतो. मिळकतकरात वाढीव क्षेत्राची नोंद करून घ्या. स्वतः राहत असल्याबद्दलची ४० टक्के सवलत तुम्हाला चालू असेल तर नव्या आकारणीत ती कायम आहे का ते बिलावर तपासा. सीसी, मंजूर नकाशा, चलनाच्या पावत्या, शेजाऱ्यांची नाहरकत, जोता तपासणीचा दाखला आणि भोगवटापत्र एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि सगळ्यांची स्कॅन केलेली प्रत मुलांनाही पाठवून द्या.